डोळ्याच्या खोबणीतील गळू : औषध की शस्त्रक्रिया?

पावसाळा सरून थंडीचे दिवस सुरू झाले की जामनेर तालुक्यातील खेड्यापाड्यांत सर्दी-पडशाने बेजार झालेली मुले घरोघरी दिसू लागतात. याच सुमारास कपाशीची वेचणी ऐन भरात असते. घरातील कर्ती माणसे दिवसभर शेतात असतात आणि मुलाच्या वाहत्या नाकाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. बहुतेक मुलांची सर्दी आठवड्याभरात आपोआप बरी होते. एखाद्या मुलाचे मात्र तसे होत नाही. आठव्या-दहाव्या दिवशी त्याला पुन्हा ताप भरतो, सकाळी उठल्यावर एका डोळ्याची पापणी सुजलेली दिसते आणि संध्याकाळपर्यंत ती इतकी फुगते की डोळा उघडत नाही. घरातील कोणी म्हणते, 'डोळे आले असतील.' कोणी म्हणते, 'रांजणवाडी आहे, शेक द्या.' कोणी हळदीचा लेप सुचवते, तर कोणी नजर उतरवते. यांपैकी कशानेही सूज उतरत नाही आणि यात जे दोन दिवस जातात, ते त्या मुलाच्या दृष्टीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे असतात.

डोळ्याभोवतीची प्रत्येक सूज घातक असते असे नाही. बहुतेक वेळा ती साधी असते व सोप्या उपचारांनी बरी होते. परंतु काही थोड्या रुग्णांमध्ये ही सूज पापणीपुरती मर्यादित राहत नाही. डोळ्याच्या मागे, कवटीच्या खोबणीत पू साचू लागतो. हे गळू बाहेरून दिसत नाही, हाताला लागत नाही आणि आपोआप फुटून वाहूनही जात नाही. वेळीच ओळखले तर ते पूर्ण बरे होते. उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते आणि क्वचित प्राणही. म्हणून हे गळू कसे होते, ते औषधाने केव्हा बरे होते आणि शस्त्रक्रिया केव्हा करावी लागते, याची माहिती प्रत्येक कुटुंबाला असणे आवश्यक आहे.

खोबणीची रचना

आपला डोळा कवटीतील एका हाडांच्या खोबणीत बसविलेला आहे. ही खोबण पुढे रुंद व मागे निमुळती होत गेलेली असते. प्रौढ माणसाच्या खोबणीत सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे चहाचे सहा चमचे पाणी मावेल इतकीच जागा असते. त्यातील सुमारे ७ मिलिलिटर जागा नेत्रगोलाची असते. उरलेल्या जागेत डोळा फिरविणारे स्नायू, रक्तवाहिन्या, मज्जातंतू, अश्रुग्रंथी आणि डोळ्याला गादीप्रमाणे आधार देणारी चरबी असते. खोबणीच्या टोकाशी असलेल्या लहानशा छिद्रातून दृष्टीचा मज्जातंतू मेंदूकडे जातो.

खोबणीच्या भिंती हाडाच्या असल्यामुळे त्या ताणल्या जात नाहीत. पायाला किंवा पाठीला गळू झाले तर कातडी ताणून त्याला जागा मिळते. खोबणीत पू साचला तर त्याला जागा मिळण्यासाठी नेत्रगोलाला पुढे सरकावे लागते. तेवढ्याने भागले नाही की आतील दाब वाढतो आणि दृष्टीचा मज्जातंतू व दृष्टिपटलाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या चेपल्या जातात. रक्तपुरवठा काही तास खंडित राहिला तरी दृष्टीची कायमची हानी होऊ शकते. या आजारात दिवसांचा नव्हे तर तासांचा हिशेब करावा लागतो, तो याच कारणाने.

खोबणीच्या तीन बाजूंना नाकाशी जोडलेल्या, हाडांतील हवेच्या पोकळ्या असतात. डॉक्टर त्यांना सायनस म्हणतात. कपाळातील पोकळी खोबणीच्या वर, गालाच्या हाडातील पोकळी खाली आणि नाकाच्या मुळाशी असलेल्या बारीक बारीक पोकळ्यांचा पुंजका आतल्या बाजूला असतो. या पुंजक्याला डोळ्यापासून वेगळे करणारे हाड इतके पातळ असते की शरीररचनाशास्त्रात त्याला कागदाचीच उपमा दिलेली आहे. त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते आणि त्यातून रक्तवाहिन्या जाण्यासाठी छिद्रेही असतात. शिवाय या भागातील शिरांमध्ये रक्ताला एकाच दिशेने नेणाऱ्या झडपा फारशा नसल्यामुळे रक्त, आणि त्याबरोबर जंतू, दोन्ही दिशांनी वाहू शकतात. सर्दीनंतर सायनसमध्ये पू झाला की तो डोळ्याच्या खोबणीत उतरण्यास हा मार्ग तयारच असतो.

गळू कशामुळे होते?

खोबणीतील जंतुसंसर्गाचे सर्वांत मोठे कारण सायनसचा दाह हेच होय. लहान मुलांत नाकाच्या मुळाशी असलेल्या पोकळ्या जन्मापासूनच असतात, त्यामुळे मुलांमधील गळू बहुधा खोबणीच्या आतल्या भिंतीलगत होते. कपाळातील पोकळी पुढे बालवयात हळूहळू तयार होते. तिच्यातून उद्भवणारे गळू मोठ्या मुलांत व तरुणांत आढळते आणि ते अधिक कठीण असते.

दुसरे कारण दातांचे. वरच्या दाढांची मुळे गालाच्या पोकळीला अगदी लागून असतात. किडलेल्या दाढेतील पू प्रथम त्या पोकळीत आणि तेथून डोळ्याच्या खोबणीत पोहोचू शकतो. तिसरे कारण इजा. शेतात काम करताना पऱ्हाटीचे टोक, बाभळीचा काटा किंवा लाकडाची ढलपी पापणीत घुसते. वरची जखम लहान दिसते व लवकर मिटते, पण आत राहिलेला तुकडा पू निर्माण करीत राहतो. लाकडाचा तुकडा तपासणीच्या चित्रांतही सहज ओळखू येत नाही. म्हणून अशी इजा झाली असेल तर ती डॉक्टरांना आठवणीने सांगावी. याशिवाय पापणीवरील कीटकदंश, नाकावरील किंवा भुवईवरील फोडलेली पुटकुळी आणि अश्रुपिशवीतील पू हीही कारणे आहेत.

या संसर्गास कारण होणारे जंतू अनेक आहेत. मुलांत बहुधा एकाच जातीचे जंतू सापडतात. प्रौढांमध्ये मात्र अनेक जातींचे जंतू एकत्र आढळतात आणि त्यांत प्राणवायूवाचून वाढणारे जंतूही असतात. बंद झालेल्या सायनसमध्ये त्यांना अनुकूल परिस्थिती मिळते. औषध की शस्त्रक्रिया या प्रश्नाचे उत्तर वयानुसार का बदलते, याचा उलगडा या फरकातून होतो.

पाच अवस्था

१९७० मध्ये चँडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराची पाच गटांत विभागणी मांडली. ती आजही जगभर वापरली जाते. पापणीच्या आत, खोबणीच्या कडेपासून निघालेला एक पातळ पण चिवट पडदा असतो. पहिल्या गटात सूज या पडद्याच्या पुढेच, म्हणजे पापणीतच असते. दुसऱ्या गटात संसर्ग पडद्यामागे खोबणीत शिरलेला असतो, पण पू एका जागी साचलेला नसतो. तिसऱ्या गटात हाड आणि त्यावरचे आवरण यांच्यामध्ये पू साचतो. चौथ्या गटात प्रत्यक्ष खोबणीतील चरबीत व स्नायूंत गळू होते. पाचव्या गटात संसर्ग मागे पसरून मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी होते. ही सर्वांत भयंकर अवस्था असून तिच्यात दुसरा डोळाही सुजू शकतो. रोग्याने एकापाठोपाठ एक अशा पाचही पायऱ्या चढल्याच पाहिजेत असा मात्र नियम नाही.

सर्वसामान्य माणसाच्या दृष्टीने यातील एकच भेद महत्त्वाचा आहे, तो म्हणजे पडद्याच्या पुढची सूज आणि पडद्याच्या मागची सूज. पुढच्या सुजेत पापणी लाल व सुजलेली असली तरी ती उघडून पाहिल्यास आतील डोळा बहुधा स्वच्छ असतो, तो सर्व दिशांनी वेदनेशिवाय फिरतो आणि दिसणे पूर्ववत असते. मागच्या संसर्गात डोळा फिरविताना दुखते किंवा तो नीट फिरत नाही, नेत्रगोल पुढे आल्यासारखा दिसतो, पांढऱ्या भागावरही सूज येते, एकाच्या दोन वस्तू दिसतात आणि दृष्टी मंदावते. लाल रंग एका डोळ्याने फिका दिसू लागणे हे दृष्टीच्या मज्जातंतूवर ताण पडत असल्याचे आरंभीचे चिन्ह असू शकते.

तपासणी

अशी लक्षणे दिसताच रुग्णाला रुग्णालयात दाखल करणे आवश्यक ठरते. तेथे प्रथम दोन्ही डोळ्यांची दृष्टी वेगवेगळी तपासली जाते. बॅटरीच्या उजेडात बाहुल्या सारख्याच आकुंचन पावतात की नाही हे पाहिले जाते. डोळ्याच्या हालचाली व त्याचे पुढे येणे मोजले जाते. नाक, दात आणि मानेचा ताठरपणा यांचीही तपासणी होते.

गळू आहे की नाही याचा निर्णय पूर्वी केवळ बाहेरील लक्षणांवरून आणि साध्या क्ष-किरण चित्रावरून करावा लागे. साध्या चित्रात सायनस धूसर दिसत, परंतु डोळ्यामागील पू दिसत नसे. १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सी.टी. स्कॅन झाले. १९७९ मध्ये या शोधासाठी हाउन्सफील्ड व कॉरमॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या तपासणीत शिरेतून विशिष्ट औषध देऊन खोबणीचे व सायनसचे पातळ थरांचे चित्र घेता येते. गळू कोठे आहे, केवढे आहे, त्यात वायू आहे काय, संसर्ग मेंदूकडे गेला आहे काय, हे त्यातून कळते. मेंदूत संसर्ग पोहोचल्याची शंका असल्यास एम.आर.आय. तपासणी अधिक उपयुक्त ठरते.

औषध केव्हा पुरेसे?

पू झाला की तो काढलाच पाहिजे, हा शल्यशास्त्राचा जुना नियम आहे. सुश्रुतसंहितेतही कच्चे, पिकत असलेले आणि पिकलेले अशा गळवाच्या तीन अवस्थांचा विचार केलेला असून अवस्था न ओळखता शस्त्र चालविणाऱ्या वैद्याला दोष दिलेला आहे. डोळ्याच्या खोबणीतील गळवाबाबत हाच विवेक आजच्या वैद्यकाला करावा लागतो.

प्रतिजैविके येण्यापूर्वी या आजाराचा परिणाम अतिशय दारुण होता. साधारणपणे दर पाच-सहा रुग्णांपैकी एक दगावे आणि जवळपास तितक्याच रुग्णांची दृष्टी जाई. १९२८ मध्ये फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते उपचारासाठी वापरात आले. आपल्या राज्यात पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना १९५४ मध्ये स्थापन होऊन पेनिसिलिनचे उत्पादन देशातच सुरू झाले. आज पेनिसिलिनपेक्षा व्यापक परिणाम करणारी आणि शिरेवाटे देता येणारी अनेक प्रतिजैविके उपलब्ध आहेत.

पडद्याच्या पुढील साधी सूज असलेल्या व एरव्ही तरतरीत असलेल्या मुलाला तोंडाने औषध देऊन घरी पाठविता येते. मात्र दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा दाखविणे बंधनकारक समजावे. तान्ह्या बाळाला मात्र दाखल करणेच हिताचे. पडद्याच्या मागे संसर्ग गेला असेल तर शिरेवाटे प्रतिजैविके ताबडतोब सुरू केली जातात. तपासणीचे निष्कर्ष येईपर्यंत ती थांबवून धरली जात नाहीत. बहुधा दोन औषधे एकत्र द्यावी लागतात. दात हे कारण असेल किंवा रुग्ण मोठ्या वयाचा असेल, तर प्राणवायूवाचून वाढणाऱ्या जंतूंवरील औषधाचाही समावेश करतात. सायनसमधील पू नाकावाटे वाहून जावा म्हणून नाकात घालावयाचे थेंब दिले जातात.

हाडाच्या आवरणाखाली पू साचलेला दिसला तरी प्रत्येक मुलावर लगेच शस्त्रक्रिया करावी लागत नाही, हे गेल्या काही दशकांत स्पष्ट झाले आहे. अमेरिकेतील नेत्रशल्यविशारद जेराल्ड हॅरिस यांनी १९९४ मध्ये रुग्णाचे वय व जंतूंचे स्वरूप यांचा संबंध दाखवून दिला. नऊ वर्षांखालील मुलांच्या गळवात जंतू थोडे व साधे असतात आणि ते औषधांना चांगला प्रतिसाद देतात. वय वाढते तसा संसर्ग अधिक गुंतागुंतीचा व चिवट होतो. पुढे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये या निवडीचे निकष मांडले. मूल नऊ वर्षांखालील असावे, दृष्टी शाबूत असावी, गळू लहान व आतल्या भिंतीलगत असावे, कपाळातील सायनस रोगग्रस्त नसावा, गळवात वायू नसावा, दातांचे कारण नसावे आणि गळू पूर्वी काढून पुन्हा झालेले नसावे. या सर्व अटी पूर्ण होत असतील तर केवळ औषधांवर, पण अत्यंत दक्ष देखरेखीखाली, उपचार करता येतात.

या देखरेखीचा अर्थ नातेवाइकांनी समजून घेतला पाहिजे. दर काही तासांनी, रात्रीसुद्धा, परिचारिका वा डॉक्टर येऊन मुलाला जागे करतात, पापणी उघडतात व बाहुली पाहतात. मूल रडते, आई-वडिलांना वाईट वाटते. 'लेकराला झोपू द्या' असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु शस्त्रक्रिया टाळण्याची मुभा याच तपासणीच्या बळावर घेतलेली असते. तपासणी थांबली तर ती मुभाही संपते.

औषधांनी पहिल्या २४ तासांत आजार वाढत नाही ना, हे पाहिले जाते आणि ४८ तासांपर्यंत सुधारणा दिसावी अशी अपेक्षा असते. ताप उतरणे, डोळा अधिक फिरू लागणे, पापणी किंचित उघडणे ही चांगली चिन्हे होत. सुधारणा पक्की झाल्यावर शिरेवाटे दिले जाणारे औषध थांबवून तोंडाने औषध सुरू करतात. एकूण उपचार बहुधा दोन ते तीन आठवडे चालतो. सूज उतरली म्हणून घरी जाऊन औषध अर्धवट सोडणे म्हणजे गळवाला परतीचे निमंत्रण देणे होय.

शस्त्रक्रिया केव्हा अटळ?

दृष्टी कमी होत असेल, बाहुलीचा प्रतिसाद मंदावला असेल, तर वयाचा विचार न करता तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. गळू मोठे असणे, ते खोबणीच्या छताशी किंवा प्रत्यक्ष चरबीत असणे, कपाळातील सायनस पुवाने भरलेला असणे, गळवात वायू दिसणे, दातांपासून संसर्ग झालेला असणे, मेंदूकडे प्रसार झालेला असणे किंवा ४८ तासांच्या योग्य औषधोपचारानंतरही सुधारणा नसणे, ही शस्त्रक्रियेची प्रमुख कारणे होत. नऊ वर्षांवरील मुलांत व प्रौढांत निर्णय बहुधा शस्त्रक्रियेकडे झुकतो.

एक उदाहरण कल्पून पाहू. एकाच घरातील सहा वर्षांचा मुलगा आणि त्याचा सोळा वर्षांचा चुलत भाऊ यांना असे गळू झाले. धाकट्याचे गळू लहान, नाकाच्या बाजूस, दृष्टी उत्तम. तो औषधांनी बरा झाला. थोरल्याचा कपाळातील सायनस पुवाने भरलेला, गळू छताशी. त्याला डॉक्टरांनी त्याच दिवशी शस्त्रक्रिया सांगितली. 'धाकटा औषधाने बरा झाला, मग याला चिरफाड कशाला?' असे आजोबा विचारतील, आणि त्यांचा प्रश्न स्वाभाविकही आहे. त्याचे उत्तर असे की दोघांचा आजार नावाने एक असला तरी जंतू, जागा आणि धोका वेगळा आहे. थोरल्यासाठी थांबणे म्हणजे पुवाला मेंदूकडे जाण्यास वेळ देणे.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन केली जाते. अनेकांना भीती वाटते की डोळाच काढतील. तसे नसते. यात नेत्रगोलाला हात लावला जात नाही. नाकाच्या बाजूला किंवा भुवईखाली लहानसा छेद घेऊन, अथवा पापणीच्या आतील कोपऱ्यातून वाट करून, हाडाच्या आवरणाखालचा पू काढला जातो. नाकावाटे दुर्बीण घालून सायनस मोकळे करण्याची व त्याच मार्गाने पू काढण्याची पद्धतही रूढ झाली आहे. आतल्या भिंतीलगतच्या गळवासाठी ती विशेष उपयुक्त असून तिच्यात चेहऱ्यावर व्रण राहत नाही. नेत्रतज्ज्ञ आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ ही शस्त्रक्रिया अनेकदा एकत्र करतात. उरलेला पू वाहून जावा म्हणून काही वेळा एक-दोन दिवस बारीक नळी ठेवतात. काढलेला पू तपासणीसाठी पाठविला जातो आणि त्यानुसार पुढील औषध ठरते. दाढ कारणीभूत असेल तर तिचाही बंदोबस्त करावा लागतो. शस्त्रक्रियेनंतरही प्रतिजैविके चालूच ठेवावी लागतात. औषध आणि शस्त्र हे येथे एकमेकांचे प्रतिस्पर्धी नसून सहकारी आहेत.

गळवासारखे दिसणारे इतर आजार

काही आजार या गळवाची नक्कल करतात. क्षयाच्या जंतूंमुळे खोबणीच्या हाडात 'थंड गळू' होते. त्यात ताप व लाली कमी असते आणि सूज आठवडे-महिने हळूहळू वाढते. ते नुसते कापून बरे होत नाही, जखम वाहत राहते. तेथे क्षयाची औषधे अनेक महिने घ्यावी लागतात. ती शासकीय क्षयरोग कार्यक्रमातून मोफत मिळतात.

२०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचा मोठा प्रादुर्भाव अनुभवला. ही जंतूंमुळे नव्हे तर बुरशीमुळे होणारी व्याधी असून अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा वापर झालेल्या रुग्णांना तिने प्रामुख्याने ग्रासले. तीही सायनसमधून डोळ्याच्या खोबणीत शिरते. गाल बधिर होणे, नाकातून काळपट स्राव येणे, टाळूवर काळा डाग पडणे ही तिची चिन्हे होत. तिच्यावर साधी प्रतिजैविके चालत नाहीत. बुरशीविरोधी औषध आणि मृत ऊती काढून टाकणारी शस्त्रक्रिया दोन्ही तातडीने लागतात. मधुमेही व्यक्तीने डोळ्याभोवतीची सूज कधीही साधी समजू नये, हा त्या काळाने दिलेला धडा विसरता कामा नये.

लहान मुलांत डोळ्याचा किंवा खोबणीचा कर्करोगही क्वचित सुजेच्या रूपाने प्रकट होतो. बाहुलीत पांढरी चमक दिसणे किंवा औषधांनी सूज न उतरणे ही त्याची सूचना असू शकते.

घरी काय करावे, काय टाळावे

पापणी सुजली असता पालकांनी चार गोष्टी पाहाव्यात. चांगला डोळा झाकून सुजलेल्या डोळ्याने बोटे मोजता येतात काय? डोके स्थिर ठेवून बोटाच्या मागे डोळा सर्व दिशांनी फिरतो काय, व फिरविताना दुखते काय? डोक्याच्या बाजूने वरून खाली पाहिल्यास एक डोळा दुसऱ्यापेक्षा पुढे आलेला दिसतो काय? ताप, उलटी, तीव्र डोकेदुखी किंवा गुंगी आहे काय? यांपैकी एकही गोष्ट आढळली, किंवा सूज इतकी असेल की डोळा पाहताच येत नसेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. पापणी बळाने उघडण्याचा प्रयत्न करू नये.

सूज दाबून पू काढू नये. सुईने टोचू नये. हळद, चुना, झाडपाल्याचा रस किंवा काजळ डोळ्यात घालू नये. दुकानातून परस्पर आणलेले डोळ्याचे थेंब घालू नयेत. त्यांतील काहींत स्टिरॉइड असते. ते लाली झाकते आणि त्याच वेळी संसर्गाला मोकळे रान देते. पूर्वी घेतलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या व वेष्टने मात्र बरोबर न्यावीत.

जामनेरहून पुढे

फत्तेपूर, तोंडापूर, शेंदुर्णी, पहूर वा नेरी परिसरातील कुटुंबासाठी पहिली पायरी म्हणजे आशा स्वयंसेविका व प्राथमिक आरोग्य केंद्र. जामनेर येथील उपजिल्हा रुग्णालयात रुग्णाची प्राथमिक तपासणी होऊन औषधाची पहिली मात्रा मिळू शकते. पुढील प्रवासाला निघण्यापूर्वी ती मिळणे फार महत्त्वाचे आहे. जळगाव येथे २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. धुळे येथे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तर दक्षिणेस छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ पासून कार्यरत आहे. या आजारात नेत्रतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ व भूलतज्ज्ञ एकत्र लागतात आणि अशी सोय मोठ्या रुग्णालयातच असते. म्हणून 'पुढे न्या' असा सल्ला मिळाल्यास तो टाळाटाळ समजू नये. १०८ क्रमांकावर दूरध्वनी केल्यास रुग्णवाहिका मिळते. शिधापत्रिका व आधारपत्र जवळ ठेवावे आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली कोणते साहाय्य मिळू शकते याची रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करावी.

प्रतिबंधही आपल्या हाती आहे. या आजारास पूर्वी वारंवार कारण होणाऱ्या एका जंतूविरुद्धची लस पंचसंयोजी लशीत अंतर्भूत आहे. ही लस २०११ च्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय लसीकरणात आली आणि बाळाला ६, १० व १४ आठवड्यांची होताच दिली जाते. न्यूमोकोकस जंतूविरुद्धची लस २०१७ पासून काही राज्यांत व २०२१ मध्ये देशभर सुरू झाली. ती ६ व १४ आठवड्यांना आणि नवव्या महिन्यात देतात. दोन्ही लशी शासकीय केंद्रांत मोफत मिळतात. याशिवाय दहा दिवसांहून अधिक रेंगाळणारी किंवा बरी होता होता पुन्हा तापासह उलटणारी सर्दी डॉक्टरांना दाखवावी, किडलेल्या दाढेवर वेळीच उपचार करावेत, मधुमेह ताब्यात ठेवावा आणि नाकावरील पुटकुळ्या फोडू नयेत.

डोळ्याच्या खोबणीतील गळू हा तसा विरळा आजार आहे. परंतु ज्या घरी तो येतो त्या घरी विचार करण्यास फार थोडा वेळ ठेवतो. औषध द्यावे की शस्त्रक्रिया करावी हा निर्णय तज्ज्ञांचा आहे. त्यांच्यापुढे रुग्ण केव्हा पोहोचतो, हा निर्णय मात्र कुटुंबाचा आहे. वेचणीचा एक दिवस बुडाला तर तो पुढे भरून काढता येतो, मुलाची गेलेली दृष्टी मात्र परत आणता येत नाही. सुजलेली पापणी दिसताच आधी डोळा फिरतो की नाही आणि दिसते की नाही हे पाहण्याची सवय प्रत्येक आईवडिलांनी, शिक्षकाने व आशा स्वयंसेविकेने लावून घेतली, तर खान्देशातील कोणत्याही मुलाला या कारणाने अंधत्व येण्याची वेळ सहसा येणार नाही.